बांडगुळाची शिरगणती
ॲरिझोनातील एका डोंगरी उद्यानाकडून घ्यावयाचा धडा

मराठीत ‘बांडगूळ’ हा शब्द माणसालाही लावला जातो. दुसऱ्याच्या जिवावर वाढणारा आणि ज्याचा आधार घेतला त्यालाच क्षीण करणारा, असा त्याचा अर्थ आहे. आमराईत वावरणाऱ्या शेतकऱ्याला तो निराळा समजावून सांगावा लागत नाही. आंब्याच्या फांदीवर परकी पाने दिसू लागली आणि पुढे त्या फांदीचा शेंडा वाळू लागला, म्हणजे बांडगूळ काय करते ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु ज्या वनस्पतीविषयी एवढा राग, तिची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवतो. बागेत बांडगूळ किती आहे, असे विचारले तर ‘पुष्कळ आहे’ किंवा ‘थोडेफार आहे’ एवढेच उत्तर मिळते. कोणत्या झाडावर किती आहे, कोणत्या झाडांवर मुळीच नाही, आणि गेल्या सालापेक्षा ते वाढले की घटले, हे सांगता येत नाही.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, वाळवंटी प्रदेशातील एका डोंगरी उद्यानात, आपल्या बांडगुळासारखीच एक वनस्पती वाढते. ती कोठे वाढते हे नीट लिहून ठेवल्याने काय कळते आणि अर्धवट लिहिल्याने कोणती फसगत होते, हे पाहणे आपल्याकडील ग्रामसेवकांना आणि बागाईतदारांना उपयोगाचे आहे. देश दूरचा आहे, झाडेही वेगळी आहेत. मोजण्याची रीत मात्र सर्वत्र एकच आहे.

विस्तार कार्यकर्त्याने राखलेले उद्यान

टूसॉन शहराच्या पश्चिमेस टूसॉन पर्वताची खडकाळ रांग आहे. या रांगेच्या दक्षिणेकडील भागात ‘टूसॉन माउंटन पार्क’ हे उद्यान असून त्याचे क्षेत्र सुमारे २०,००० एकर आहे. त्याची स्थापना १९२९ साली झाली. तेथील केंद्र सरकारची पडीक जमीन खाणीसाठी व वसाहतीसाठी देणे बंद करून ती उद्यानासाठी राखून ठेवण्यात आली. या कामी ज्यांनी पुढाकार घेतला ते सी. बी. ब्राऊन हे पिमा कौंटीचे, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाचे, शेती विस्तार कार्यकर्ते होते. शेतकऱ्यांना पिकांचा सल्ला देत हिंडणाऱ्या या गृहस्थांना या उद्यानाचे जनक मानले जाते. उद्यानातील ‘ब्राऊन माउंटन’ या डोंगरास त्यांचेच नाव देण्यात आले आहे. १९५२ साली याच उद्यानाच्या हद्दीत वाळवंटातील प्राणी व वनस्पती दाखविणारे प्रसिद्ध संग्रहालय सुरू झाले. १९६१ साली उद्यानाच्या उत्तरेकडील मोठा भाग राष्ट्रीय संरक्षणाखाली गेला आणि आज तो सग्वारो राष्ट्रीय उद्यानाचा पश्चिम विभाग आहे.

येथे वर्षाकाठी सरासरी २८० ते ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण, आटपाडीसारख्या कायम दुष्काळी तालुक्यांपेक्षाही हे प्रमाण बरेच कमी आहे. पाऊस दोन हंगामांत विभागलेला असतो. काही सरी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, जुलै ते सप्टेंबरमध्ये कोसळतात, तर काही हिवाळ्यात सावकाश पडतात. उंच खांबासारखा वाढणारा सग्वारो निवडुंग ही या प्रदेशाची खूण होय. त्याच्या भोवती मेस्किट, पालो व्हेर्दे, आयर्नवुड आणि कॅटक्लॉ अशी काटेरी झाडे उगवतात. ही चारही झाडे शेंगा धरणाऱ्या वर्गातील आहेत. मेस्किट हे आपल्याकडे माळावर व ओढ्याकाठी माजलेल्या वेड्या बाभळीचे भावंड होय. मांजराच्या नखांसारखे वाकडे काटे असलेले कॅटक्लॉ खैराच्या जवळचे आहे. पालो व्हेर्देची सालच हिरवी असते. पाण्याच्या ताणात पाने गळून गेली तरी ती सालीच्या आधारे अन्न तयार करते. सग्वारोची कोवळी रोपे बहुधा अशा झाडांच्या सावलीतच तगतात. म्हणून या झाडांच्या प्रकृतीवर पुढच्या पिढीतील निवडुंगांचेही भवितव्य काही अंशी अवलंबून असते.

‘वृक्षचोर’ नावाची वनस्पती

याच झाडांच्या फांद्यांतून विस्कटलेल्या केरसुणीसारखे झुपके लोंबताना दिसतात. हेच वाळवंटी बांडगूळ होय. त्याचे शास्त्रीय नाव फोराडेंड्रॉन कॅलिफोर्निकम. ‘फोराडेंड्रॉन’ या ग्रीक शब्दांपासून बनलेल्या नावाचा अर्थच ‘वृक्षचोर’ असा आहे.

आपल्या आंब्यावरील बांडगुळास रुंद, जाड पाने असतात. वाळवंटी बांडगुळाची पाने मात्र इतकी आकसलेली असतात की ती बारीक खवल्यांसारखी दिसतात. त्याच्या काड्याच हिरवट असून त्या सूर्यप्रकाशात अन्न बनवितात. म्हणजे हा चोर सर्वस्वी आयते खाणारा नव्हे. पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजे तो आश्रयवृक्षाकडून, म्हणजे ज्या झाडावर वाढतो त्याच्याकडून, ओढून घेतो. त्यासाठी त्याचे शोषकमूळ साल भेदून लाकडापर्यंत पोहोचते. पाण्याचा तुटवडा असलेल्या मुलखात हीच चोरी झाडाला सर्वांत जड जाते. झुपके थोडे असतील तर झाड ते सोसते. पुष्कळ झाले म्हणजे फांद्या गाठाळतात, त्यांचे शेंडे वाळतात, आणि अवर्षणाच्या वर्षी आधीच दुबळे झालेले झाड लवकर खचते.

या बांडगुळात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. हिवाळ्याच्या उत्तरार्धात त्यास अगदी बारीक, परंतु सुवासिक फुले येतात आणि कीटक त्यांच्याकडे धाव घेतात. फळे फक्त मादी झुपक्यास धरतात. ती तांबूस ते पांढरट, काहीशी पारदर्शक आणि मोत्याएवढी असतात. प्रत्येक फळात एकच बी असते आणि त्याच्या भोवती चिकट गर असतो. हा गर हेच बियाण्याचे मुख्य साधन आहे. जमिनीवर पडलेले बी वाया जाते. फांदीला चिकटलेल्या बियासच रुजण्याची संधी मिळते.

पेरणी करणारा पक्षी

बी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेण्याचे काम मुख्यतः एकच पक्षी करतो. त्याचे नाव फेनोपेप्ला. नर काळाभोर, चकचकीत, डोक्यावर तुरा असलेला आणि लाल डोळ्यांचा असतो. तो उडू लागला की पंखांवरील पांढरे पट्टे दिसतात. मादी राखी रंगाची असते. हिवाळाभर या पक्ष्याचा मुख्य आहार बांडगुळाची फळे हाच असतो. मुबलक फळे असतील तर एक पक्षी दिवसाला हजाराहून अधिक फळे खातो. त्याची पाण्याची गरजही बहुतांशी या फळांतूनच भागते. त्याच्या पोटात फळाची साल सोलून बाजूला काढण्याची खास सोय असते आणि बी थोड्याच वेळात, रुजण्याजोग्या स्थितीत, विष्ठेवाटे बाहेर पडते.

तेव्हा बी कोठे पडते, हे तो पक्षी कोठे बसतो यावर अवलंबून असते. फेनोपेप्लाची बसण्याची आवड ठरलेली आहे. त्यास उंच झाडाचा उघडा शेंडा आवडतो, कारण तेथून फळांचे झुपके राखता येतात. हा पक्षी आपल्या हद्दीतील झुपक्यांवर पहारा ठेवतो आणि दुसऱ्यांना हाकलून लावतो. घरटेही तो पुष्कळदा बांडगुळाच्या झुपक्यातच बांधतो. उन्हाळ्याचा ताप वाढला म्हणजे तो वाळवंट सोडून ओक वृक्षांच्या अधिक थंड रानात जातो आणि शरद ऋतूत परत येतो.

मोजणीने काय उघड झाले

बांडगूळ उंच आणि जुन्या झाडांवर अधिक दिसते, ही गोष्ट कोणाही चौकस माणसाच्या ध्यानात येते. त्यावरून सहज असा निष्कर्ष काढला जातो की झाड म्हातारे झाले, त्याची प्रतिकारशक्ती गेली, म्हणून बांडगुळाने त्यास गाठले. हा निष्कर्ष पटण्यासारखा आहे. तथापि तो तपासून पाहिल्यावाचून स्वीकारता येत नाही.

टूसॉनच्या दक्षिणेस सांता रीटा नावाचे प्रायोगिक कुरण आहे. चराई व गवत यांच्या अभ्यासासाठी ते १९०३ साली राखून ठेवण्यात आले. तेथील मेस्किटच्या झाडांवर ज्युलियान औकेमा आणि कार्लोस मार्टिनेझ देल रिओ या संशोधकांनी वाळवंटी बांडगुळाचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी केवळ झुपके मोजले नाहीत. कोणत्या झाडावर पक्ष्यांनी किती बिया टाकल्या, हेही पाहिले. तेव्हा असे आढळून आले की बांडगूळ सर्व झाडांवर सारखे विखुरलेले नसून थोड्या झाडांवर दाटलेले असते. उंच झाडांवर बिया अधिक पडतात. ज्या झाडावर आधीच बांडगूळ आहे त्याच्यावर नवीन बियांची भर पडत राहते.

याचे कारण आता स्पष्ट आहे. पक्षी फळे खाण्यास बांडगूळ असलेल्या झाडावर येतो, तेथेच रेंगाळतो आणि तेथेच बी टाकतो. बसण्यासही त्यास उंच झाडच हवे असते. अशा रीतीने ज्यास एकदा बांडगूळ लागले त्यासच ते पुनःपुन्हा लागत जाते. झाडाचे वय व अशक्तपणा यांचा यात मुळीच हात नसतो, असे या अभ्यासावरून म्हणता येणार नाही. परंतु बियांचा वर्षाव कोठे होतो हे पक्ष्याची बैठक ठरविते, एवढे मात्र त्यावरून नक्की कळते. झुपके आणि बिया यांची नोंद शेजारी शेजारी ठेवली नसती, तर सारा दोष झाडाच्या म्हातारपणावर ढकलला गेला असता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चिकटलेल्या बियापासून डोळ्यांत भरेल असा झुपका तयार होण्यास बराच काळ जातो. म्हणून आज दिसणारा झुपका हा पक्षी मागे केव्हातरी तेथे बसल्याचा पुरावा असतो. एका वर्षाच्या मोजणीवरून रोग वाढतो आहे की ओसरतो आहे, हे सांगता येत नाही. तीच झाडे काही वर्षांनी पुन्हा पाहावी लागतात. यास्तव झाडांना क्रमांक देणे आवश्यक ठरते.

रिकाम्या झाडाचे महत्त्व

डोंगरी उद्यानात बांडगुळाची नोंद करावयाची म्हणजे नेमके काय लिहावयाचे? पहिली गोष्ट म्हणजे ठिकाण व तारीख. आज खिशातील फोनने छायाचित्र काढले की या दोन्ही बाबी त्याबरोबर आपोआप नोंदल्या जातात. २००८ साली सुरू झालेल्या इनॅचरलिस्ट या सार्वजनिक नोंदवहीत हौशी लोकही अशी छायाचित्रे पाठवितात आणि त्यामुळे एखादी वनस्पती कोठकोठे आढळते याचा नकाशा तयार होतो. हे काम मोलाचे आहे. परंतु त्यात एक मोठी उणीव राहते. माणसाला जे दिसते त्याचे तो चित्र काढतो. जेथे बांडगूळ नाही अशा झाडाचे चित्र कोणी काढीत नाही.

या उणिवेमुळे कशी फसगत होते ते एका कल्पित उदाहरणावरून कळेल. समजा, एका टेकडीवर बांडगूळ लागलेली ३० मेस्किट व १० कॅटक्लॉ झाडे आढळली. केवळ एवढ्यावरून कोणीही म्हणेल की बांडगुळास मेस्किट अधिक मानवते. आता त्या टेकडीवरील सर्व झाडे मोजली आणि मेस्किटची ३०० व कॅटक्लॉची २० भरली, असे धरू. म्हणजे मेस्किटच्या दहांतील एका झाडास बांडगूळ आहे, तर कॅटक्लॉच्या दोहोंतील एका झाडास आहे. रिकाम्या झाडांची नोंद होताच निष्कर्ष उलटला. म्हणून नोंदवहीत ‘बांडगूळ नाही’ हे शब्द लिहिण्याचा कंटाळा करू नये. शून्य हाही एक आकडाच आहे.

दुसरी बाब आश्रयवृक्षाच्या नावाची. ‘काटेरी झाड’ एवढे लिहून चालत नाही. मेस्किटवरील व कॅटक्लॉवरील वाळवंटी बांडगुळांची तुलना केली असता त्यांच्यात अनुवंशिक भेद आढळतात, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. म्हणजे दिसावयास एकच असलेली ही वनस्पती ज्या झाडावर वाढते त्यास अनुसरून हळूहळू निरनिराळ्या कुळी धारण करीत असण्याचा संभव आहे. आश्रयवृक्षाचे नाव गाळले तर हा सारा विषयच हातातून निसटतो.

तिसरी बाब झाडाच्या उंचीची आणि झुपक्यांच्या संख्येची. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर न थांबता झुपके मोजले पाहिजेत. १०० झाडांवर मिळून ५० झुपके असतील तर सरासरी दर झाडामागे अर्धा झुपका पडते. ही सरासरी ऐकून एखाद्यास वाटेल की लागण सर्वत्र आणि सौम्य आहे. वस्तुस्थिती मात्र अशी असू शकते की ९० झाडे अगदी स्वच्छ आहेत आणि उरलेल्या दहांपैकी चार झाडांवर मिळून ४० झुपके लोंबत आहेत. ही चार झाडे कोणती, हे नोंदीतून कळले पाहिजे.

चौथी बाब हंगामाची. ही पाहणी हिवाळ्यात केलेली चांगली. त्या वेळी मेस्किटची पाने गळालेली असल्याने झुपके दुरूनही दिसतात. मादी झुपक्यांवर फळे असतात आणि फेनोपेप्लाही हजर असतो. फळे असलेले झुपके निराळे मोजावेत, कारण पुढील लागणीचे बी त्यांच्यापासूनच तयार होते. फळे नसलेल्या झुपक्यास मात्र लगेच ‘नर’ म्हणू नये. पक्ष्यांनी फळे खाऊन संपविलेली असू शकतात. आयर्नवुडवर बहुतेक काळ पाने टिकून राहतात. त्यामुळे त्यावरील झुपके पानांत दडतात आणि मोजणी कमी भरते. अशा झाडाखाली जाऊन, चारही बाजूंनी वर पाहूनच आकडा लिहावा.

पाचवी बाब मार्गाची, आणि ती फार वेळा दुर्लक्षिली जाते. उद्यानातील पायवाटा पुष्कळ ठिकाणी कोरड्या ओढ्यांच्या कडेने जातात. ओढ्याच्या कडेला ओल अधिक असल्याने झाडे उंच होतात आणि उंच झाडांवर बांडगूळ अधिक असते. तेव्हा केवळ पायवाटेने हिंडून केलेली मोजणी सर्व डोंगराला लावली तर ती फुगलेली निघते. याकरिता आधी नकाशावर सरळ रेषा आखून घ्याव्या लागतात. त्यांतील काही ओढ्यातून आणि काही उघड्या उतारावरून जाव्या लागतात. त्या रेषांवर येणारे प्रत्येक झाड, आवडो वा न आवडो, वहीत उतरवावे लागते. वाटेत काटे लागतात, दगडावरून पाय घसरतो, आणि तासाभराच्या श्रमानंतर वहीत ओळीने शून्येच भरलेली दिसतात. तरीही ती रेषा पुरी करणे हीच खरी नोंद होय.

चोर, पण घराला उपयोगी

एवढी नोंद कशासाठी, चोर दिसला की छाटून टाकावा, असे कोणी म्हणेल. मळ्यात हे बरोबर आहे. उद्यान म्हणजे मळा नव्हे. हिवाळ्यात, इतर अन्नाची चणचण असताना, वाळवंटी बांडगूळ फळे देते आणि फेनोपेप्लाशिवाय इतर पक्षीही ती खातात. ‘ग्रेट पर्पल हेअरस्ट्रीक’ नावाच्या सुंदर निळसर फुलपाखराच्या अळ्या याच जातकुळीच्या बांडगुळांवर पोसतात. त्यांना दुसरे अन्न चालत नाही. दाट झुपक्यांच्या आडोशाला पक्ष्यांची घरटी असतात.

बांडगूळ काढून टाकले तर काय होते, हे ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष पाहण्यात आले आहे. तेथील रानांच्या काही तुकड्यांतून डेव्हिड वॉटसन या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्याने सर्व बांडगूळ काढून टाकले आणि तीन वर्षांनी तेथील पक्ष्यांची पुन्हा पाहणी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार रानावरच अवलंबून असणाऱ्या, कायम वस्तीच्या पक्ष्यांच्या जातींपैकी चतुर्थांशाहून अधिक जाती त्या तुकड्यांतून नाहीशा झाल्या होत्या. त्यांत केवळ फळे खाणारे पक्षी नव्हते, तर किडे टिपणारे पक्षीही मोठ्या संख्येने होते. बांडगुळाची गळालेली पाने जमिनीवर कुजून किड्यांचे पोषण करतात आणि त्या किड्यांवर पक्षी जगतात, असा त्यांचा संबंध लावला जातो.

याचा अर्थ बांडगूळ झाडाला अपाय करीत नाही, असा नाही. अपाय आणि उपयोग या दोन्ही गोष्टी एकाच झुपक्यात असतात. उद्यानाच्या व्यवस्थेस दोहोंचा हिशेब ठेवावा लागतो. तो हिशेब झाडागणिक नोंद असल्याखेरीज मांडता येत नाही. अवर्षणाची वर्षे लागोपाठ आली आणि पालो व्हेर्दे किंवा मेस्किट मरू लागली, तर मेलेली झाडे बांडगूळ असलेली होती की नसलेली, हा प्रश्न त्या दिवशी सोडविता येणार नाही. त्याचे उत्तर आधीच्या वर्षांच्या वहीत असावे लागते.

आपल्या आमराईत

आपल्याकडील नेहमीचे बांडगूळ, डेंड्रॉफ्थी फाल्काटा, हे वाळवंटी बांडगुळाचे दूरचे नातेवाईक असून त्याची राहणी पुष्कळशी तशीच आहे. ते आंब्यावर आणि चिकूसारख्या इतर फळझाडांवर, तसेच रानातील अनेक जातींच्या झाडांवर वाढते. त्याच्या नारिंगी, नळीसारख्या फुलांतील मध पिण्यास शिंजीर येतो आणि त्याच्या फळांतील चिकट बी फुलटोच्या हा चिमुकला पक्षी फांद्याफांद्यांवर पुसून ठेवतो. पेरणी करणारा पक्षी येथे वेगळा आहे. परंतु फळे जेथे असतील तेथे तो पुनःपुन्हा येणार, ही गोष्ट दोन्ही मुलखांत सारखी आहे.

म्हणून ज्या बागेत बांडगुळाची तक्रार आहे तेथे ग्रामसेवकांनी बागाईतदाराच्या मदतीने पुढीलप्रमाणे काम करावे. बागेचा साधा आराखडा काढून ओळी व झाडे यांना क्रमांक द्यावेत आणि ते खोडावर रंगाने लिहावेत. मग एका दिवसात सर्व झाडे पाहून दर झाडामागे एक ओळ लिहावी. उदाहरणार्थ, ‘ओळ ३, झाड ७, हापूस, मोठे, झुपके ५, फळे असलेले २’ किंवा ‘ओळ ३, झाड ८, हापूस, मध्यम, झुपके नाहीत’. स्वच्छ झाड वगळू नये. बांधावरील रायवळ आंबा आणि इतर जुनी, उंच झाडे यांचीही त्याच वहीत निराळ्या पानावर नोंद करावी, कारण पक्षी बागेची हद्द ओळखीत नाही.

ही वही हाती आली म्हणजे कामाचा क्रम आपोआप ठरतो. मजूर थोडे असतील तर ते साऱ्या बागेत विखरून टाकू नयेत. ज्या थोड्या झाडांवर झुपके दाटले आहेत, आणि त्यांतही ज्यांवर फळे धरतात, तेथून आरंभ करावा. छाटणी शक्यतो बांडगुळास फळे येण्यापूर्वी करावी. नुसती पाने ओरबाडून किंवा झुपका मोडून उपयोग होत नाही. शोषकमूळ आत शाबूत राहिले की नवे फुटवे येतात. फांदी लहान असेल तर बांडगूळ जेथे चिकटले आहे त्याच्या बऱ्याच खालून ती करवतीने कापावी आणि कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. किती झुपके काढले आणि कोणत्या तारखेस काढले, हे त्याच ओळीपुढे लिहावे.

पुढील वर्षी त्याच महिन्यात, त्याच क्रमाने पुन्हा फिरावे. एखाद्या झाडावर नवे झुपके आले तर त्याच्या शेजारी काय आहे ते पाहावे. बांधावरचे एखादे लागण झालेले झाड जवळ आहे काय? ते झाड इतरांपेक्षा उंच आहे काय? फुलटोच्या कोठून येतो व कोठे बसतो? या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाहीत, कारण प्रत्येक बागेची ठेवण निराळी असते. ती त्या बागेच्या वहीतच मिळतील. रानातील आणि देवराईतील बांडगुळास मात्र विनाकारण हात लावू नये. तेथे त्याचे काम वेगळे आहे.

सी. बी. ब्राऊन यांनी उद्यान राखले तेव्हा त्यातील प्रत्येक वनस्पतीचा हिशेब त्यांच्यापाशी असणे शक्य नव्हते. पुढे येणाऱ्यांना तो मांडता यावा म्हणून त्यांनी जागा राखून ठेवली. ग्रामसेवकाच्या कामाचेही असेच आहे. त्याची बदली होते, बागाईतदाराचा मुलगा कारभार पाहू लागतो, मजूर बदलतात. झाडावरील क्रमांक आणि वहीतील ओळ मात्र राहते. ‘झाड ८, झुपके नाहीत’ ही ओळ आज निरुपयोगी वाटली, तरी पाच वर्षांनी त्याच झाडावर पहिला झुपका दिसेल त्या दिवशी साऱ्या वहीत तीच ओळ आधी शोधली जाईल.